लग्न जुळते कसे? छत्तीस गुणांपासून कॉम्प्युटरपर्यंत

मुलांनो, आज एका शब्दापासून सुरुवात करू या. साखरपुडा. हा शब्द मोडून पाहा : साखर आणि पुडा. लग्न ठरले की मुलाकडची मंडळी मुलीच्या घरी जात, तिची ओटी भरत आणि साखरेचा पुडा हातात देत. त्यावरून समारंभाचे नाव साखरपुडा. याच समारंभाला दुसरा, जरा जड शब्द आहे : वाङ्निश्चय. वाक् म्हणजे बोलणे आणि निश्चय म्हणजे पक्के करणे. चार माणसांसमोर शब्द देऊन पक्की केलेली गोष्ट म्हणजे वाङ्निश्चय. आता साखरपुड्यात अंगठ्या असतात, केकसुद्धा असतो. पण शब्द देणे हा गाभा तसाच राहिला आहे.

अलीकडे अशा समारंभात पाहुण्यांनी विचारले, "तुमची ओळख कशी झाली?" तर पुष्कळदा उत्तर येते, "ऑनलाइन." लहान मुलांना त्यात काही नवल वाटत नाही. आजीआजोबांच्या मनात मात्र येते, की कॉम्प्युटरला माणसातले काय कळते? प्रश्न रास्त आहे. दोन अनोळखी माणसे यंत्राच्या मदतीने समोरासमोर येतात कशी, यंत्र त्यात नेमके काय करते आणि होकार कोण देतो, हे या लेखात पाहू.

स्थळ आणि मध्यस्थ

'स्थळ' म्हणजे जागा हे तुम्हांला माहीत आहे. पण "आम्ही मुलीसाठी स्थळ पाहतो आहोत" असे एखाद्या काकू म्हणाल्या, तर त्या घर शोधत नसून जावई शोधत असतात! पूर्वी स्थळ सुचवण्याचे काम मध्यस्थ करीत. एखादी आत्या, घरी येणारे गुरुजी, मुंबईहून गावी गेलेले मामा. त्यांना दहा घरांतली माहिती असे. कोणाचा मुलगा शिकून नोकरीला लागला, कोणाची मुलगी लग्नाची झाली, हे सगळे त्यांच्या डोक्यात.

शहरे वाढली, माणसे दूर गेली आणि एका आत्याची माहिती अपुरी पडू लागली. मग वधूवर सूचक मंडळे निघाली. तिथे नाव नोंदवायचे, फोटो द्यायचा आणि फाइली चाळत बसायचे. रविवारच्या वर्तमानपत्रात 'वर पाहिजे' आणि 'वधू पाहिजे' असे रकाने येऊ लागले. जाहिरातीला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून उंची, शिक्षण, नोकरी आणि अपेक्षा एवढेच त्यात मावे.

ही कल्पना एकट्या आपल्या लोकांचीच आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये १९ जुलै १६९५ रोजी, शेती व व्यापाराची माहिती देणाऱ्या जॉन हाउटन यांच्या पत्रकात सुमारे तीस वर्षांच्या एका गृहस्थाने वधू पाहिजे म्हणून जाहिरात दिली होती. वधूजवळ सुमारे तीन हजार पौंडांची मालमत्ता असावी अशी त्याची अट होती. म्हणजे अपेक्षांची यादी तीनशे वर्षांहून जुनी आहे.

पत्रिकेचे गणित

माहिती मिळाली, की पुढचा प्रश्न येतो : जमेल का? त्यासाठी आपल्याकडे पत्रिका पाहण्याची पद्धत आहे. तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. आपण फक्त तिचे गणित पाहू, कारण ते मोठे मजेदार आहे.

मुलगा आणि मुलगी यांच्या जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या राशीत व नक्षत्रात होता, हे घेऊन आठ गोष्टी तपासतात. वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशिकूटाला ७ आणि नाडीला ८. बेरीज करून पाहा बरे! १ ते ८ यांची बेरीज बरोबर ३६ येते. म्हणूनच 'छत्तीस गुण जुळले' असे म्हणतात. साधारणपणे १८ किंवा अधिक गुण जमले, तर स्थळ चालेल असे धरतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या गणितात जन्मतारीख, वेळ आणि गाव एवढेच लागते. मुलगा आणि मुलगी या दोघांना कोणीही काहीही विचारत नाही. तिला गाणे आवडते का, त्याला परगावी राहायचे आहे का, दोघांना एकमेकांशी बोलावेसे वाटते का, हे त्या छत्तीसांत कुठेच येत नाही.

पत्रिकेचा आणखी एक उपयोग होता, आणि तो पालकांना नक्की आठवत असेल. नकार द्यायचा असला की "पत्रिका जमत नाही" असा निरोप जाई. मुलगी आवडली नाही किंवा मुलाची नोकरी पसंत नाही, असे तोंडावर सांगण्यापेक्षा दोष ग्रहांवर ढकललेला बरा! त्यामुळे कोणाचा अपमान होत नसे. कांदेपोहे खाऊन झाल्यावर "नंतर कळवतो" असे म्हणत, त्याचाही अर्थ पुष्कळदा 'नाही' असाच असे.

तीन डॉलर आणि एक प्रश्नावली

कॉम्प्युटर या कामात कधी आला? तुम्हांला वाटेल, इंटरनेट आल्यावर. तसे नाही. १९५९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी वर्गातला प्रकल्प म्हणून ४९ पुरुष आणि ४९ स्त्रिया यांच्या उत्तरांवरून आयबीएम ६५० या यंत्राकडून जोड्या लावून घेतल्या. १९६५ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' नावाची योजना काढली. तीन डॉलर भरायचे आणि छापील प्रश्नावली भरून पाठवायची. उत्तरे कार्डांवर भोके पाडून यंत्राला दिली जात आणि काही दिवसांनी टपालाने नावांची यादी घरी येई. फोन करायचे धाडस मात्र ज्याचे त्याने करायचे!

१९९५ मध्ये मॅच डॉट कॉम सुरू झाले आणि हे काम इंटरनेटवर आले. आपल्या लोकांची संकेतस्थळेही लगेच निघाली. अनुपम मित्तल यांनी 'सगाई डॉट कॉम' सुरू केले, तेच पुढे 'शादी डॉट कॉम' झाले. सगाई हा साखरपुड्यासाठी हिंदी शब्द आहे, हे तुमच्यापैकी हिंदी सिनेमे पाहणाऱ्यांना ठाऊक असेलच.

दुसरी गोष्ट तर आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्या एका माणसाची आहे. मुरुगवेल जानकीरामन हे चेन्नईचे कॉम्प्युटर इंजिनिअर १९९० च्या दशकात अमेरिकेत नोकरी करीत होते. त्यांनी तामिळ मंडळींसाठी एक संकेतस्थळ काढले. पंचांग, सणवार अशी माहिती त्यावर होती. पण त्यांच्या ध्यानात आले, की लोकांची सर्वांत जास्त गर्दी लग्नाच्या जाहिरातींच्या पानावर होते आहे. घरापासून दूर असलेल्यांना तीच नड होती. त्यातून 'भारत मॅट्रिमोनी' उभे राहिले. मराठी मॅट्रिमोनी ही त्याचीच शाखा. आणि गंमत अशी, की जानकीरामन यांची स्वतःच्या पत्नीशी ओळखही आपल्याच संकेतस्थळावरून झाली. ज्याने खानावळ काढली, तो तिथेच जेवला!

यंत्र करते काय?

पहिले काम चाळण्याचे. आई पीठ चाळते तेव्हा चाळणीची भोके जेवढी बारीक, तेवढे कमी पीठ खाली पडते. संकेतस्थळावर वय, गाव, शिक्षण, भाषा अशा चाळण्या असतात. आपल्याकडच्या विवाह संकेतस्थळांवर जात आणि पोटजात यांच्याही असतात. ही चाळणी यंत्र स्वतः बनवत नाही. भोके किती मोठी ठेवायची ते आपण ठरवतो. ज्या माणसाशी आपले उत्तम जमले असते, तो आपल्याच चाळणीत अडकून राहू शकतो, हे मोठ्यांनी विसरू नये.

दुसरे काम गुण देण्याचे. २००४ मध्ये गणित शिकलेल्या चार तरुणांनी 'ओके क्युपिड' सुरू केले आणि आपली रीत उघडपणे सांगितली. प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरे द्यायची : माझे उत्तर काय, समोरच्याचे उत्तर काय असावे आणि हे मला किती महत्त्वाचे वाटते. त्यावरून दोन आकडे निघतात. तो तिच्या अपेक्षेत किती टक्के बसतो आणि ती त्याच्या अपेक्षेत किती टक्के बसते.

आता या दोन आकड्यांचा एक आकडा कसा करायचा? तुम्ही म्हणाल, सरासरी काढा. थांबा. समजा, ती त्याच्या अपेक्षेत १०० टक्के बसते, पण तो तिच्या अपेक्षेत शून्य टक्के बसतो. सरासरी काढली तर ५० येईल. म्हणजे निम्मे जमले! पण तिला तो मुळीच नको असेल, तर निम्मे जमले असे म्हणता येईल का?

म्हणून त्यांनी दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले. १०० गुणिले ० म्हणजे शून्य. शून्याचे वर्गमूळ शून्यच. आणखी एक उदाहरण घ्या. एकाकडून १०० आणि दुसऱ्याकडून ३६. गुणाकार ३६००, वर्गमूळ ६०. सरासरी मात्र ६८ आली असती. एका बाजूची नापसंती दुसऱ्या बाजूची हौस झाकू शकत नाही, असे हे गणित सांगते. छत्तीस गुणांच्या बेरजेत आणि या गुणाकारात फरक आहे तो हाच. इथे दोघांनाही विचारावे लागते आणि एकाचे शून्य म्हणजे दोघांचेही शून्य.

आधी कोणी विचारायचे?

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी एक प्रश्न सोडवला. काही मुलगे आणि तितक्याच मुली आहेत. प्रत्येकाने आपल्या पसंतीची क्रमवार यादी केली आहे. तर अशा जोड्या लावता येतील का, की नंतर कोणतीही दोन माणसे आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जाऊ इच्छिणार नाहीत?

त्यांचे उत्तर होते, नेहमी येतील. रीत सोपी आहे. प्रत्येक मुलाने यादीतल्या पहिल्या मुलीला विचारायचे. मुलीने आलेल्यांपैकी सर्वांत आवडत्याला तात्पुरते थांबवून ठेवायचे आणि बाकीच्यांना 'नाही' म्हणायचे. ज्यांना नकार मिळाला त्यांनी पुढच्या नावाकडे जायचे. असे करत करत सगळ्यांच्या जोड्या लागतात.

पण यात एक खोच आहे. समजा क आणि ख हे दोन मुलगे, त आणि थ या दोन मुली. क ला त जास्त आवडते, ख ला थ. मुलींचे नेमके उलटे : त ला ख जास्त आवडतो, थ ला क. मुलांनी विचारले तर क आणि त, ख आणि थ अशा जोड्या होतील. दोन्ही मुलांना पहिली पसंती आणि दोन्ही मुलींना दुसरी. मुलींनी विचारले तर ख आणि त, क आणि थ. आता मुलींना पहिली पसंती! कागदावर करून पाहा. या रीतीत जी बाजू आधी विचारते तिचा फायदा होतो. पोह्यांची बशी घेऊन बाहेर येणाऱ्या आणि निरोपाची वाट पाहणाऱ्या मुलीला हे कोणी गणिताने शिकवायला नको होते.

हेच गणित अमेरिकेत नव्या डॉक्टरांना कोणत्या रुग्णालयात शिकायला मिळणार हे ठरवते. मार्च महिन्यातला 'मॅच डे' ज्यांच्या घरात अनुभवला असेल त्यांना त्या दिवसाची धडधड माहीत आहे. तिथली रीत पूर्वी रुग्णालयांच्या बाजूने झुकलेली होती. ॲल्विन रॉथ यांनी ती सुधारली आणि १९९८ पासून डॉक्टरांची बाजू आधी विचारते. २०१२ मध्ये शॅप्ली आणि रॉथ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल यांचे २००८ मध्ये निधन झाले होते. लग्नाच्या बाबतीत सांगायचे, तर २०१८ मध्ये 'हिंज' या ॲपने रोजचे एक स्थळ सुचवण्यासाठी याच गणिताचा आधार घेतला. आणि २०१४ मध्ये निघालेल्या 'बंबल'ने सुरुवातीला असा नियम ठेवला होता, की स्त्री-पुरुषांच्या जोडीत पहिला निरोप स्त्रीनेच पाठवायचा. २०२४ मध्ये हा नियम सैल केला.

थोडी गंमत : टिंब आणि रेघ

विजेच्या दिव्यासाठी प्रसिद्ध असलेले थॉमस एडिसन तरुणपणी तारयंत्रावर काम करीत. त्यांना ऐकू कमी येई. १८८५ मध्ये मिना मिलर या तरुणीला त्यांनी तारेची मोर्स लिपी शिकवली आणि प्रवासात तिच्या हातावर बोटाने टकटक करत लग्नाची मागणी घातली. तिनेही टकटक करूनच होकार दिला. सोबतच्या मंडळींना पत्ताही नाही! १८८६ च्या फेब्रुवारीत त्यांचे लग्न झाले. मोर्समध्ये इंग्रजी 'येस' असे वाजते : रेघ टिंब रेघ रेघ, मग टिंब, मग टिंब टिंब टिंब. बाकावर वाजवून पाहा.

ओळखीपासून साखरपुड्यापर्यंत

विवाह संकेतस्थळ आणि डेटिंग ॲप यांत फरक आहे. विवाह संकेतस्थळावर येणारा लग्नासाठीच येतो आणि पुष्कळदा माहिती आईवडील किंवा भावंडे भरतात. डेटिंग ॲपवर माणूस स्वतः येतो. त्याला लग्न करायचे असेल किंवा नसेलही, म्हणून ते आधी विचारावे लागते. दोन्हीकडे पुढची वाट साधारण सारखी आहे. आधी लेखी निरोप, मग फोन, मग चेहरा पाहून बोलणे, मग चार माणसे असलेल्या जागी भेट. पुढच्या भेटींत नोकरी, पैसा, मुले, आईवडिलांची जबाबदारी, भारतात परतायचे की नाही, हे विषय निघतात. मग घरी सांगणे, दोन्ही घरची भेट आणि शेवटी साखरपुडा. यंत्राचे काम पहिल्या निरोपापाशीच संपले. बाकी सगळे माणसांनी केले.

हे किती लोक करतात? स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१७ साली ओळख झालेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांची ओळख ऑनलाइन झाली होती. १९९५ साली हे प्रमाण २ टक्के होते. मित्रांमुळे ओळख झालेल्यांचे प्रमाण त्याच काळात ३३ वरून २० टक्क्यांवर आले. आज आपल्या शाळेत मुळाक्षरे गिरवणारी मुले मोठी होतील, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची गाठ अशीच पडेल.

पालकांसाठी दोन शब्द

आत्या खोटे बोलली तर तिला पुढच्या वर्षी त्याच मांडवात तोंड दाखवावे लागे. संकेतस्थळाला ती लाज नसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ मध्ये सुमारे ७० हजार लोकांनी प्रेमाच्या नावाखाली फसवल्याच्या तक्रारी केल्या. त्यांत बुडालेली रक्कम १३० कोटी डॉलर होती. भारत सरकारनेही २०१६ मध्ये विवाह संकेतस्थळांना सूचना केली, की नाव नोंदवणाऱ्याची ओळख कागदपत्रांवरून तपासावी. म्हणून मोठ्या मुलामुलींना तीन गोष्टी सांगून ठेवा. न भेटलेल्या माणसाला एक पैसाही पाठवायचा नाही. पहिली भेट वर्दळीच्या जागीच घ्यायची. आणि कुठे, कोणाला भेटायला चाललो आहोत, हे घरात किंवा मित्राला सांगून जायचे.

ही तिसरी गोष्ट आपल्या हाती आहे. घरात विचारण्याची आणि सांगण्याची सवय असेल तरच मुले सांगतील. "कोण आहे? कुठला आहे? कोणाचा आहे?" या तीन प्रश्नांनीच सुरुवात केली, तर पुढच्या वेळी ती गप्प बसतील. त्याऐवजी "तुला त्याच्याशी बोलताना कसे वाटते?" असे विचारून पाहा.

आणि नकार द्यायलाही शिकवा. पूर्वी "पत्रिका जमत नाही" म्हणून सुटका होई. आता पुष्कळ जण नुसते उत्तर देणेच बंद करतात आणि समोरचा माणूस आपले काय चुकले याचा विचार करत बसतो. "तुम्हांला भेटून बरे वाटले, पण मला पुढे जायचे नाही" हे एक वाक्य मराठीत किंवा इंग्रजीत नीट म्हणता आले पाहिजे. तसेच मिळालेला नकार पुन्हा न विचारता मान्यही करता आला पाहिजे. मुलींना जेवढे हे शिकवतो, तेवढेच मुलांनाही शिकवू या. गुणाकारातले शून्य दोघांनाही सारखेच लागू आहे.

घरचा अभ्यास

घरी आई, बाबा, आजी किंवा आजोबा यांच्यापैकी एकाला पुढील प्रश्न विचारा. आजी भारतात असेल तर फोनवर विचारा.

१. तुमची पहिली ओळख कशी झाली? कोणी करून दिली?
२. तुमच्या साखरपुड्याला काय काय होते?
३. लग्नाआधी तुम्ही एकमेकांशी किती वेळा बोललात?
४. 'हो' म्हणण्याआधी तुम्हांला कोणी विचारले होते का?

उत्तरे मराठीत दहा ओळींत लिहा. लहान वर्गातल्या मुलांनी चित्र काढले तरी चालेल. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला वेळ लागला, तर घाई करू नका. ऐकत बसा.